बिडाचे नळ उरले, कसबी हात चालले

गिरगाव, दादर किंवा परळमधल्या एखाद्या जुन्या इमारतीत, मागच्या हाऊस गल्लीत उतरणारा बिडाचा पाइप गळू लागला की सोसायटीला हल्ली एकच सल्ला मिळतो : सगळा काढून टाका, पीव्हीसी बसवू. सल्ला देणारा फसवतच असतो असं नाही. बहुतेकदा त्याला दुसरं काही येत नसतं. तीन मजल्यांच्या पाइपातला एखादाच सांधा सैल झालेला असतो, बाकीचं बीड अजून कितीतरी वर्षं टिकणारं असतं. पण तो सांधा उकरून पुन्हा भरणारा माणूस मिळत नाही. मग परांची बांधली जाते, वर्गणी निघते, भिंत खरवडली जाते आणि धडधाकट पाइप भंगारात जातो.

प्लंबरच्या धंद्यातली जुनी हातकला संपत चालली आहे, ती अशी. तिच्याबद्दल कोणी हळहळत नाही, कारण ती भिंतीच्या मागे, मोरीच्या खाली आणि अंधाऱ्या गल्लीत असते. पैठणी विणणाऱ्याचं, तांबट आळीतल्या कारागिराचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. शिशाचा सांधा भरणाऱ्या मिस्त्रीचं मात्र नावही कुणाला ठाऊक नसतं. आणि तरीही आपली जुनी शहरं आजही त्याच्याच कामावर उभी आहेत.

मुंबईत विहार तलावाचं पाणी नळानं आलं १८६० मध्ये. त्यामागून १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. घरोघरी नळ पोचू लागले तसा त्यांचं काम जाणणारा एक वर्गच शहरात तयार झाला, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यानं परवानाधारक प्लंबरची तरतूद केली. पाण्याचं आणि मैल्याचं काम वाटेल त्याच्या हाती देऊ नये, इतकी समज त्या काळच्या कायद्यात होती. पुढच्या ऐंशी वर्षांत शहर बेटावर दाटीवाटीनं वाढलं. १९६९ मध्ये उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींची दुरुस्ती सरकारनं अंगावर घेतली तेव्हा त्यांची संख्या १९,६४२ होती, आणि त्यातल्या १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. गेल्या काही दशकांत त्यांतल्या अनेक पडल्या, पाडल्या गेल्या, पण हजारो अजून उभ्या आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती वेगळ्याच. या सगळ्यांच्या पाठीला बीड आहे, भिंतींत जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, म्हणजे जीआयचे पाइप आहेत. ते नीट ठेवायला जे हात लागतात ते आता साठीच्या पुढचे आहेत.

बिडाच्या पाइपाचा सांधा कसा होतो ते एकदा जवळून पाहायला हवं. पाइपाचं एक तोंड रुंद असतं, वरच्या पाइपाचं साधं टोक त्यात उतरतं. मधली फट सगळीकडून सारखी ठेवणं हे पहिलं काम. मग पिळाचा तागाचा दोर त्या फटीत घालून बोथट छिन्नीनं ठोकत घट्ट बसवायचा. त्याच्यावर उरलेल्या जागेत वितळलेलं शिसं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, पण मिस्त्रीकडे तापमापक नसतो. शिशावर चढलेली साय बाजूला सारली की खाली कसा रंग दिसतो आणि पळी बुडवून वर काढली की शिसं तिला चिकटून राहतं की स्वच्छ ओघळून जातं, यावरून तो ओळखतो. सांध्यात ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून तोंडावर येतं. म्हणून आधी सांधा कोरडा, मग पळी. ओतायचं ते एका दमात. मध्ये हात थांबला तर खालचा थर गोठतो आणि वरचा त्याला धरत नाही. पाइप आडवा असेल तर मातीनं लिंपलेला दोर सांध्याभोवती गुंडाळायचा, वरच्या बाजूला लहानसं तोंड ठेवायचं आणि तिथून शिसं सोडायचं.

एवढ्यानं काम होत नाही. शिसं थंड होताना आकसतं आणि बिडापासून किंचित सुटतं. म्हणून अरुंद छिन्नीपासून सुरुवात करून जाड छिन्नीपर्यंत, सांध्याभोवती फिरत फिरत ते ठोकून पुन्हा कडेला बसवायचं. हलकं ठोकलं तर सांधा पाझरतो. जास्त ठोकलं तर बिडाचं तोंड तडकतं आणि नवा पाइप आणावा लागतो. कुठे थांबायचं ते हातोडीच्या बदलत्या आवाजावरून कळतं, आणि तो आवाज ओळखायला माणसाला काही वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून पळी धरावी लागते.

जीआय पाइपाचं कामही वरवर दिसतं तितकं सोपं नाही. अर्ध्या इंची पाइपाला इंचात १४ आटे पडतात, एक इंची पाइपाला ११, आणि आट्यांना सोळास एक असा निमुळता उतार असतो. त्या उतारामुळेच फिटिंग जसजसं चढतं तसतसं आवळत जातं. हातानं डाय फिरवणारा चांगला मिस्त्री थोडं पुढे जाऊन किंचित मागे येतो म्हणजे कीस तुटतो, मधूनमधून तेल सोडतो आणि आटे पाडून झाल्यावर पाइपाच्या आतली धार काढून टाकतो. ती धार राहिली तर पुढे तिथेच गंज आणि गाळ धरतो. मग सुतळीचे तंतू आट्यांच्या दिशेनंच गुंडाळायचे, वर सफेदा लावायचा. उलट्या दिशेनं गुंडाळलं तर फिटिंग चढताना सुतळी बाहेर ढकलली जाते.

या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र आट्यांत नव्हती. जुना मिस्त्री पाइपाच्या लांब धावेत ठरावीक जागी एक युनियन, म्हणजे उघडता येणारा जोड, घालून ठेवायचा. कारण वीस वर्षांनी कुणाला तरी हा नळ उघडावा लागणार, हे त्याला ठाऊक असायचं. युनियन सैल केलं की मधला तुकडा काढता यायचा, भिंत फोडावी लागायची नाही. आज सीपीव्हीसी या प्लॅस्टिकचे पाइप चिकटवून, फरशीच्या आत गाडून टाकले जातात. एकदा चिकटलेला सांधा उघडत नाही, तो कापावाच लागतो. ग्राहकाला न्हाणीघर सुंदर दिसतं. दहा वर्षांनी गळती लागते तेव्हा कुठली फरशी फोडायची तेच कळत नाही. जो काम करतोय त्यानं पुढच्या दुरुस्तीचा विचार आधीच करून ठेवायचा, ही शिस्त आट्यांच्या पाइपाबरोबर धंद्यातून निघून चालली आहे.

जुनं ते सगळं सोनं, असं म्हणण्याचा हा प्रकार नाही. शिसं विषारी आहे. पिण्याच्या पाण्यात ते किती चालेल याची सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत मोठा धोका असतो. पिण्याच्या पाण्याच्या नळात शिसं नको, उघड्यावर मुखवट्याशिवाय शिसं वितळवणंही नको. जीआय पाइप आतून गंजतो, खाऱ्या किंवा जड पाण्यात तर लवकरच बुजतो. सीपीव्हीसी हलका, गंजाची भीती नसलेला, गरम पाण्याला चालणारा पाइप आहे. गावोगावच्या घरांत नळ पोचवण्यात प्लॅस्टिकचा वाटा मोठा आहे. पण नवं म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. पीव्हीसी पाइप बनवताना स्थिरकारक म्हणून शिशाची संयुगं वापरली जात होती, आणि ती हटवण्यासाठी केंद्र सरकारला २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले.

मुद्दा पदार्थाचा नाही, समजेचा आहे. जुन्या बिडाला नवा पीव्हीसी जोडण्याचं काम आज घरोघर चालतं. पीव्हीसी उन्हात बिडाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतो. तीन मीटरचा पाइप सकाळ ते दुपार पाच मिलिमीटर लांब होऊ शकतो. तो बिडाच्या तोंडात घालून भोवती सिमेंट लेपलं, तर पहिल्या उन्हाळ्यातच ते सिमेंट तडकणार आणि पावसाळ्यात शेजाऱ्याच्या भिंतीला ओल येणार. अशा जागी लवचीक रबरी जोड हवा किंवा प्रसरणाला जागा सोडलेली हवी. दोन्ही साहित्यांचा स्वभाव जाणणाराच हे सांगू शकतो. जुनं काम न शिकलेल्या माणसाला नवं कामही अर्धवटच येतं, हा अनुभव सोसायट्यांचे सचिव दर पावसाळ्यात घेतात.

उताराचंही तेच. मैल्याचं पाणी नेणाऱ्या पाइपाला किती ढाळ द्यायचा याचा जुन्या मिस्त्रींचा हिशेब तोंडपाठ असायचा : चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. ढाळ कमी पडला तर घाण बसते, जास्त झाला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याच्या पाइपाला मध्येच उंचवटा राहिला तर नळात हवा धरते आणि वरच्या मजल्यावर धार येत नाही. मग बिचारे रहिवासी पंप बदलत बसतात. मैल्याच्या पाइपातली हवा अडवणाऱ्या न्हाणीच्या ट्रॅपमध्ये पाण्याचा किमान ५० मिलिमीटरचा थर राहायला हवा, आणि तो शोषला जाऊ नये म्हणून वर हवेचा पाइप हवा. दुरुस्तीच्या वेळी हा हवेचा पाइप 'काही कामाचा नाही' म्हणून कापून टाकल्याची उदाहरणं जुन्या इमारतींत जागोजाग दिसतात. मग घरात वास येतो, आणि लोक सुगंधी गोळ्या टाकतात.

हे केवळ वासापुरतं नसतं. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. तपासात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप आणि मैल्याच्या पाइपातून घरात खेचली जाणारी हवा यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. चार घोट पाणी त्या ट्रॅपमध्ये असणं-नसणं हा जीवनमरणाचा प्रश्न होऊ शकतो, हे साऱ्या जगानं तेव्हा पाहिलं.

काही कौशल्यं तर हातातही नसून कानात आहेत. रस्त्याखालच्या नळाची गळती शोधायला पाणी खात्यातले जुने लोक लोखंडी सळई वापरतात. एक टोक चावीवर किंवा जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाशी, आणि वैद्यानं नाडी पाहावी तसं ऐकत राहायचं. गळणाऱ्या पाण्याची सळसळ, वाहत्या पाण्याचा आवाज आणि वरून जाणाऱ्या वाहनाची घरघर वेगवेगळी ओळखता यायला हवी. मुंबईसारख्या शहरात पाणी ठरावीक तासच येतं, त्यामुळे ऐकायची वेळही तेवढीच. आता गळती शोधणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत आणि ती वापरायलाच हवीत. पण यंत्रानं दाखवलेल्या तीन जागांपैकी कुठली खणायची ते अखेर ज्याला त्या गल्लीचे नळ माहीत आहेत तोच सांगतो.

चावीवाल्यांचं ज्ञान याच जातीचं. लांब दांड्याच्या चावीनं झडपा उघडून-मिटून भागाभागात पाणी फिरवणारे हे कर्मचारी. कुठली झडप किती फेरे उघडली की टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढतं, कुठली अडकली आहे, कुठला जुना नळ नकाशावर नाही पण जमिनीत आहे, हे त्यांना ठाऊक असतं. लिसा बियोर्कमन आणि निखिल आनंद या अभ्यासकांनी मुंबईच्या पाण्यावर लिहिलेल्या पुस्तकांत हे शहर नकाशांपेक्षा अशा माणसांच्या आठवणीवर किती चालतं ते सविस्तर आलं आहे. असा माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला शाल-नारळ मिळतो. त्याच्या डोक्यातला नकाशा कुणी कागदावर उतरवून घेत नाही.

हे सगळं का संपतंय याची कारणं गूढ नाहीत. काम आता पॉइंटवर मोजलं जातं. एका न्हाणीघराचे इतके पॉइंट, इतके पैसे. नवं बसवणं पॉइंटमध्ये मोजता येतं. तासभर ऐकून, पाहून, 'हा पाइप बदलू नका, फक्त हा सांधा भरा' असं सांगण्याला पॉइंट नाही. म्हणजे प्रामाणिक निदान केलं तर मिस्त्रीचाच तोटा. फिटिंगच्या विक्रीत दुकानदाराला फायदा, बदलण्यात ठेकेदाराला फायदा, दुरुस्तीत कुणालाच नाही. पितळी नळाचं घासलेलं बूड साफ करून नवा वायसर घालणारा प्लंबर आता क्वचितच भेटतो. सगळा नळच बदलला जातो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पाणी घालवतो. ते वाचवायला लागतो तो काही रुपयांचा वायसर आणि दहा मिनिटांचं कसब.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण खरं आहे. संडासाच्या पाइपाशी संबंध येणाऱ्या कामाला आपल्या समाजानं कधी मान दिला नाही. ज्यांच्याकडे हे कसब होतं त्यांनी मुलांना या धंद्यात येऊ दिलं नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. अपमान आणि अंगावर उडणारं शिसं, दोन्ही सोसून शिकलेलं कसब मुलाला द्यावं असं कुणाला वाटेल? हेल्पर म्हणून चार-पाच वर्षं हाताखाली राहण्याची पद्धतही शहरातल्या रोजंदारीत उरलेली नाही.

मान आणि शिक्षण मिळालं तर काय होऊ शकतं याचं उदाहरण ओडिशात आहे. केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर देशभर जातात. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही ते दिसतात. काका पुतण्याला, शेजारी शेजाऱ्याला घेऊन जातो आणि शिकवतो. त्या कसबाची दखल घेऊन ओडिशा सरकारनं त्याच जिल्ह्यातल्या पट्टामुंडाई इथे प्लंबिंगची स्वतंत्र संस्था उभी केली. महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षांचं नळाचं काम आहे, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याचं मोल ओळखणारी अशी एखादी संस्था इथे का नसावी?

केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. हातानं आणि हत्यारानं काम करणारे १८ व्यवसाय तिच्यात आहेत : सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, शिंपी, न्हावी, अगदी कुलपं बनवणारेही. प्लंबर नाही. गवंडी कारागीर आणि प्लंबर मात्र नाही, हा भेद कोणत्या तर्कात बसतो? त्याच्या हातात हत्यार नाही की कसब नाही? महाराष्ट्रातल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारायला हवा.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला आजही गर्दी होते. अठराव्या शतकात दूरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या नहरीनं, खापरी नळांतून पाणी आणून त्यावर दळणारं जातं फिरवलं गेलं. जातं आपण तिकीट लावून जपलं. नहर आणि तिचे नळ मात्र वाढत्या शहराखाली दबले, तुटले, आणि आता चक्कीला पाणी पुरेसं येईल की नाही याची चिंता अधूनमधून बातमीत येते. नहर बांधणारे आणि ती साफ, दुरुस्त ठेवणारे हात आधी गेले, पाणी त्यांच्या मागून आटलं. मुंबई-पुण्याच्या जुन्या नळांच्या बाबतीत हाच क्रम आपल्या डोळ्यांदेखत सुरू आहे, आणि तो अजून थांबवता येतो.

त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. आयटीआयचा प्लंबर अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यात नव्या जोडणीबरोबर जुन्या पाइपांचं निदान आणि दुरुस्ती हा सक्तीचा भाग असावा. शिकवायला निवृत्त पालिका कर्मचारी आणि जुने मिस्त्री मानधनावर घ्यावेत. त्यांच्याकडे पदवी नसते म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये. पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आधीपासून आहे, ती इथे वापरावी. शिशाचं काम शिकवायचं ते मुखवटा, हातमोजे आणि मोकळ्या हवेतच, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते वापरायचं नाही हे पहिल्याच दिवशी सांगून. वारसा इमारतींच्या आणि म्हाडाच्या दुरुस्तीच्या निविदांत 'तपासणी आणि सांधादुरुस्ती' ही स्वतंत्र बाब दरासह असावी, म्हणजे पाइप वाचवणाऱ्याला तो फोडणाऱ्याइतके पैसे मिळतील. सोसायट्यांनीही निदानाची फी वेगळी द्यायला शिकावं. डॉक्टरला देतो तशीच.

आणि सरावाला लागणारा माल तर रोज फुकट निघतो आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींपासून गल्लीबोळांतल्या वाड्यांपर्यंत शेकडो इमारती पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. त्यांचं बीड ट्रकनं भंगारात जातं. प्रत्येक पाडकामातले चार-सहा पाइप, सांध्यांसकट, जवळच्या आयटीआयला देण्याची अट पालिकेनं परवानगीतच घालावी. ज्यांनी ते सांधे कधीकाळी भरले, त्या पिढीतले काही मिस्त्री अजून मुंबईत आहेत. त्यांना पुढच्या सत्राच्या आधी वर्गात बोलावून आणण्याचं काम कौशल्य विकास विभागानं याच वर्षी हाती घ्यावं.